पाटी वाचणारा शाकाहारी

शुद्ध शाकाहारी प्रवासी हा श्रावणात भीमाशंकरच्या रस्त्यावर मोठ्या संख्येने दिसणारा मनुष्यप्रकार आहे. साध्या शाकाहाऱ्याहून तो वेगळा. साधा शाकाहारी ताटात काय वाढले आहे ते पाहतो. शुद्ध शाकाहारी ते ताट कोणत्या पाटीखाली वाढले आहे ते पाहतो. मंचरला नाशिक महामार्ग सोडून गाडी घोडेगावकडे वळली, की मेहुणा रस्ता सांभाळतो आणि हा पाट्या.

‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी दिसली तर गाडी थांबते. ‘व्हेज-नॉनव्हेज’ दिसली तर काचा वर जातात. खरी पंचाईत ‘घरगुती जेवण मिळेल’ या पाटीने होते, कारण घर कोणाचे ते पाटीवर लिहिलेले नसते. मग तो उतरतो आणि “तुम्ही मूळचे कुठले?” असे फार गोड आवाजात विचारतो. या प्रश्नाचा भूगोलाशी संबंध नसतो, हे विचारणाऱ्याला ठाऊक असते आणि ज्याला विचारले त्यालाही.

पाकीटबंद खाण्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका सक्तीचा आहे, त्यामुळे वेफर्सच्या बाबतीत हा प्रवासी निर्धास्त असतो. कढईवर मात्र ठिपका नसतो. डिंभे धरणाचे पाणी मागे टाकून गाडी तळेघरला पोचते, तोवर त्याला भूक लागलेली असते. तरी टेबलाशी बसण्याआधी तो स्वयंपाकघरात डोकावतोच.

“मावशी, कढई वेगळी आहे ना?”

“एकच हाय दादा. पण श्रावण धरलाय आम्ही बी.”

हे उत्तर त्याला पुरत नाही. वास्तविक या जातीतले बरेचजण हंगामी असतात. आषाढी अमावास्येपूर्वी याच रस्त्याला याच गृहस्थाने ओढ्यातल्या खेकड्यांचा भाव विचारलेला असतो आणि तेव्हा कढईची चौकशी केलेली नसते.

त्याची सर्वांत मोठी फजिती मासवडी करते. जुन्नर-आंबेगाव-खेड पट्ट्याचा हा मानाचा पदार्थ. बेसन पाण्यात मसाल्यासह घोटून शिजवायचे, ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचे सारण पसरायचे आणि गुंडाळी दाबून वड्या कापायच्या. आकार माशासारखा, म्हणून नाव मासवडी. माशाचा संबंध तिथेच संपतो. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. नाव ऐकताच हा प्रवासी हात मागे घेतो. आत मासा नाही हे पटल्यावरही “मग नाव असं का ठेवलं?” अशी त्याची तक्रार राहतेच. पाटीवर विश्वास ठेवणाऱ्याला नावावरही ठेवावा लागतो.

सोमवारी त्याचा उपवास असतो. तेव्हा तो वरईचा भात मागतो आणि तो मिळाल्यावर डोंगरातल्या लोकांच्या भाविकतेने भारावून जातो. महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर नाचणी आणि वरई डोंगरउतारावर पिकते आणि ती पोटासाठी खाल्ली जाते, उपवासासाठी नव्हे, हे त्याला कोणी सांगत नाही. सांगायची गरजही नसते. भात तोच असतो.

अलीकडे मागच्या सीटवर त्याची मुलगी असते आणि ती व्हीगन असते. 1944 साली इंग्लंडात व्हीगन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा दूध, तूप, मधही वर्ज्य करणाऱ्यांसाठी हा शब्द घडवला गेला. मुलीच्या हिशोबाने बापाचे पनीर, ताक आणि भाकरीवरचे तूप हे सगळे अशुद्ध. आयुष्यात प्रथमच आपल्याहून शुद्ध माणूस भेटल्याने बाप अस्वस्थ होतो. मुलगी मावशींना बिनदुधाच्या चहाची कारणे समजावू लागते: गाय, वासरू, डेअरी, पर्यावरण. मावशी वासरापर्यंत ऐकून घेतात. “कोरा चहा म्हणा की,” म्हणत आधण ठेवतात. डोंगरवाड्यांतून कोरा चहा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, कारण म्हैस परवडत नाही. मुलगी मासवडीच्या दोन ताटांचा फडशा पाडते. त्यात दूध-तुपाचा थेंब नसतो. बाप वेफर्स खातो.

दर्शन घेऊन परतताना तो मंचरच्या आसपास मनासारख्या पाटीखाली रांगेत उभा राहतो. नंबर लागला, की पनीर मसाला आणि बटर नान मागवतो. दोन्ही पुण्यात घराखालीही मिळतात, पण प्रवासात शुद्ध मिळाल्याचे समाधान वेगळे असते.

गणपती विसर्जित झाले, की हाच प्रवासी पुन्हा या रस्त्याला लागतो. आता तो दुसऱ्या पाट्या तितक्याच बारकाईने वाचतो, हॉटेलाच्या मागच्या खुराड्यात डोकावतो आणि मालकाला बाजूला घेऊन विचारतो, “गावठीच आहे ना? एकदम शुद्ध?”