घरात डॉल्बी

"घरात डॉल्बी आणतोयस?" आईने विचारलं आणि गवार निवडायची थांबली.

चूक माझीच. होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायचा म्हणून चार महिने चाललेली खटपट एका वाक्यात सांगायला गेलो आणि तोंडून तो शब्द निसटला. महाराष्ट्रात डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, मागे जनरेटर, पुढे नाचणारी पोरं आणि दोन्ही बाजूंच्या घरांत थरथरणारी तावदानं. आईच्या डोळ्यांपुढे ती ट्रॉली आमच्या तिसऱ्या मजल्याचा जिना चढू लागली असणार.

मी समजूत घातली. रे डॉल्बी नावाचा एक अमेरिकन इंजिनियर होता, युनेस्कोच्या कामासाठी १९६३ पासून दोन वर्षं भारतातच होता. इथून गेल्यावर १९६५ साली त्याने लंडनमध्ये कंपनी काढली, आणि तिचं पहिलं यंत्र होतं टेपवरची खरखर कमी करणारं. म्हणजे डॉल्बीचा मूळ धंदा गोंगाट कमी करण्याचा.

"मग आपल्याकडे येईपर्यंत काय झालं त्याला?" आई म्हणाली.

हा सद्गृहस्थ १२ सप्टेंबर २०१३ ला वारला. ऐन गणपतीत. त्या आठवड्यात त्याच्या नावाने आमच्याकडे किती गल्ल्या हादरत होत्या, हे त्याच्या घरच्यांना कुणी कळवलं नसावं.

रिसीव्हर आला. (किंमत मी घरात सांगितली तिला अडीचने गुणायचं. बायकोने तीनने गुणली.) त्याला रिसीव्हर म्हणतात कारण त्याच्या पोटात रेडिओ असतो, आणि तो रेडिओ आजतागायत मी एकदाही लावलेला नाही. पुढून दोन बटणं, मख्ख चेहरा. मागून पाहिलं तर आयसीयूतला पेशंट. माझा संच पाच-पॉइंट-एकचा. पाच म्हणजे पाच स्पीकर, आणि तो बिचारा पॉइंट-एक म्हणजे सबवूफर. ऐकू येणाऱ्या स्वरांपैकी फक्त खालचा खर्ज त्याच्या वाट्याला, म्हणून दशांश चिन्हानंतर बसवलेला. प्रत्यक्षात दोघांनी मिळून उचलावी लागलेली ती एकमेव वस्तू.

मेहुणा मदतीला आला. तो सिव्हिल इंजिनियर आहे, त्यामुळे वायरी त्याने सुरीने सोलल्या. लाल टोक लालला, काळं काळ्याला, असं दहा वेळा करून बटण दाबलं. रिसीव्हर दोन सेकंद जागा झाला, टक् करून मिटला आणि लाल दिवा लुकलुकू लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. मेहुण्याने निदान केलं, "पीस खराब आहे." शेवटी आईचा चष्मा लावून मी मागे घुसलो, तेव्हा दिसलं, तांब्याच्या वायरीचा केसाएवढा एक तंतू सुटून शेजारच्या काळ्या खुंटीला टेकला होता. यंत्राने शॉर्ट ओळखून स्वतःला वाचवलं होतं. तेवढी अक्कल त्या खोलीत फक्त त्याला होती.

मग आलं कॅलिब्रेशन. खोक्यात एक मायक्रोफोन मिळतो आणि तो ठेवायला पुठ्ठ्याचा घडीचा मनोरा. माणूस बसतो तिथे, कानाच्या उंचीवर मनोरा उभा करायचा. मग एकेक स्पीकर टुऊऊप असा आवाज काढतो, यंत्र तो ऐकतं आणि कोण किती लांब, कोण किती मोठ्याने बोलतो हे ठरवतं. लांबच्याला आधी बोलू द्यायचं, जवळच्याला किंचित थांबवायचं, म्हणजे सगळ्यांचे आवाज कानाशी एकाच वेळी पोचतात. हे सहा जागांवरून करायचं. अट एकच. घरात संपूर्ण शांतता.

रविवारी सकाळी सुरुवात केली. पहिल्या टुऊऊपला कुकरची शिट्टी झाली. यंत्राने पडद्यावर कळवलं, आजूबाजूला फार आवाज आहे. कुकर उतरवला तर खाली भंगारवाला आला. तो गेला तर पाण्याचा टँकर. दुपारी वरच्या मजल्यावर मिक्सर. संध्याकाळी एका कोकिळेने मुद्दाम हजेरी लावली. आपण कशात राहतो हे मला पन्नाशीत एका जपानी यंत्राकडून कळलं.

शेवटी रात्री अडीचला उठलो, पंखा बंद केला, फ्रिजचं बटण काढलं आणि सोफ्यावर मनोरा उभा करून स्वतः जमिनीवर ओणवा झालो. चौथ्या जागेवर असताना आतला दिवा लागला.

"ही कसली पूजा?" दारातून आई.

मी तोंडावर बोट ठेवलं. तिनेही ठेवलं. मग पुढची पाच मिनिटं आम्ही दोघं त्या पुठ्ठ्याच्या मनोऱ्याकडे बघत, श्वास रोखून, टुऊऊप ऐकत होतो. या घरात इतकी एकाग्रता बारावीच्या वर्षीही कुणी दाखवली नव्हती.

निकाल लागला. पुढचे दोन बरोबर, मागचे बरोबर, आणि सबवूफर ६.३ मीटरवर. आमचा हॉल भिंतीपासून भिंतीपर्यंत साडेचार मीटर. म्हणजे सबवूफर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात, बहुधा ओट्याखाली. दोन दिवस टेप घेऊन फिरल्यावर कळलं की यंत्र खोटं बोलत नव्हतं. सबवूफरच्या आतल्या जोडणीत आवाज काही क्षण रेंगाळतो. यंत्राला उशीर तेवढा कळतो, आणि उशीर म्हणजे अंतर असं ते धरून चालतं.

आवाजाचे आकडे उणे असतात, हे आईला पटायला आठवडा गेला. ती बँकेतून निवृत्त झालेली. "उणे तीस म्हणजे ओव्हरड्राफ्ट," ती म्हणाली. पण पंधरा दिवसांत तिला मधल्या स्पीकरचं मर्म समजलं. सिनेमातली बोलणी बहुतेक त्याच्यातूनच येतात. त्याला थोडा वर चढवला आणि रात्री नऊच्या सिनेमात कोण कुणाला काय कुजबुजलं ते तिला पहिल्यांदाच, मला न विचारता, कळू लागलं. रिमोट तिच्याकडे गेला तो गेलाच.

मला मिळाली एक दुपार. 'ज्युरासिक पार्क' लावला. तोच १९९३ चा, डीटीएस आवाजाचा पहिला सिनेमा. डायनॉसॉरचं पाऊल पडतं आणि पेल्यातल्या पाण्यावर वलयं उठतात, तो प्रसंग. चित्रीकरणात म्हणे ती वलयं गिटारची तार छेडून काढली होती. आमच्याकडे तारेची गरज पडली नाही. आईने कप पुढे धरला.

"चहात काय पडलं बघ रे."

गणपतीत मखराला नेमका सबवूफरचा कोपरा लागला. त्याला हलवलं असतं तर पुन्हा रात्री अडीच. मग त्याच्यावरच पाट मांडला, शालू टाकला आणि नैवेद्याचं ताट ठेवलं. दशांशातून एकदम चौरंगपदी बढती.

आरतीला सगळे जमले. आमचे मामा आरतीत कायम अर्धी ओळ मागे असतात. टाळ त्यांच्याच हातात, त्यामुळे लहानपणापासून आमची प्रत्येक आरती दोनदा ऐकू येते. यंदा माझ्या डोक्यात हिशोब सुरू झाला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मामा दोन सेकंद उशिरा. म्हणजे यंत्राच्या नियमाने मामा आमच्या हॉलमध्ये नव्हतेच. पावणेसातशे मीटर दूर, चौकातल्या मंडळापाशी, स्पीकरच्या भिंतीला टेकून उभे होते.