मुंबई, तालुका भिवंडी

क्रूझ कंपन्या 'रोम' म्हणून तिकीट विकतात आणि प्रवाशाला सुमारे ७० किलोमीटर अलीकडे, चिवितावेक्कियाच्या धक्क्यावर उतरवतात. 'पॅरिस'चं जहाज तर ल हाव्रला लागतं. पुढे जवळजवळ २०० किलोमीटर बस.

वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही म्हणून कुणी हळहळू नये. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून ७०१ किलोमीटरचा 'नागपूर-मुंबई' समृद्धी महामार्ग जातो. शेवटचा, इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि महामार्ग पूर्ण झाला.

संपतो मात्र आमण्याला! म्हणजे ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात. ताशी १२० च्या तोऱ्यात आलेल्या गाडीपुढे मग भिवंडी-ठाण्याची कोंडी उभी.

तेव्हा वाशिमकरांनो, शेलूबाजारला खुशाल चढा. पण मुंबईच्या पाहुण्यांना जेवणाची वेळ आमणे ओलांडल्यावरच कळवा.