फासळ्या ह्यांच्या नव्हेत, होडीच्या

हार्टलपूल, रविवार

ती. आई व ती. आबा यांना सा. न.

काल फोनवर तुमचा रडवेला आवाज ऐकून माझेच हातपाय गळाले. पिंट्यानं "बाबांच्या फासळ्या कुजल्यात" एवढंच सांगून फोन ठेवला होता ना? आई, तुमचे चिरंजीव ठणठणीत आहेत, रात्री चार भाकऱ्या हाणून झोपले. कुजल्यात त्या होडीच्या फासळ्या. हो, तीच होडी, जिचं नाव काढलं की आबा अजून कपाळाला हात लावतात. वेळ नदीला गुडघाभर पाणी असलं तरी काठावर बसून राहणारा माणूस इथे येऊन जुनी लाकडी यॉट घेतो, तेही भागीत!

खारं पाणी लाकडाचं फारसं वाकडं करत नाही, कुजवतं ते पावसाचं. डेकच्या सांध्यातून झिरपतं, फासळीच्या डोक्याशी साचतं, तिथे वारा लागत नाही आणि वरचा रंग मात्र नव्या नवरीसारखा. ह्यांनी स्क्रू ड्रायव्हर टोचला तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला काळपट ओला भुसा, भिजल्या गोणपाटाचा वास मारणारा.

आता एकाआड एक फासळी काढतायत. शेजारशेजारच्या एकदम काढल्या तर होडीचा आकारच जातो. ओकची नवी पट्टी लांबट पेटीत वाफेवर ठेवायची, इंचभर जाडीला तासभर, आणि बाहेर काढली की गार व्हायच्या आत वाकवून आवळायची. आबा नांगरासाठी बांधावरची वाकडी बाभूळ हेरून ठेवायचे, तसे इथले जुने सुतार जहाजांसाठी वाकडा ओक शोधत हिंडायचे म्हणे.

(कुकर उतरवून आले.)

पण खरा ताप लाकडाचा नाही, यार्डाच्या नियमांचा. वाफ करायची तर गॅस पेटवायचा, आणि गॅस पेटवायचा तर आगीच्या कामाचा परवाना! दोन पानी फॉर्म. 'काय तापवणार?' ह्यांनी खरं ते लिहिलं: 'पाणी'. साहेबांनी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा माझ्याकडे बघितलं. गॅस बंद केल्यावरही तासभर पहारा द्यायचा, तो माझ्या वाट्याला. कडेला लाल नळकांडं, मांडीवर थर्मास आणि बोचरा वारा. मी पहारा देते तो थंडगार झालेल्या पाण्याच्या डब्यावर! भाडं होडीच्या लांबीवर, त्यात पुढे आलेलं दांडकंही मोजलं. शिरूरच्या बाजारात बैलगाडीचे पैसे जुवासकट मापून घेतले असते तर आबांनी काय केलं असतं ते लिहीत नाही. ओकच्या पट्ट्यांचं बिल, वर वीस टक्के व्हॅट. तेवढ्यात आक्काच्या गोठ्यावर पत्रे पडले असते.

आक्कावरून आठवलं, बिबट्या खरंच तिच्या उसात आहे, की नानी पुन्हा रानमांजर बघून गाव गोळा करतेय? धाकट्या काकांना म्हणावं, रात्री पाणी द्यायला एकटं जाऊ नका. शिक्रापूरच्या चौकात अडकून वऱ्हाड दोन तास उशिरा पोचलं, हे ऐकून ह्यांना इतकं हसू आलं की हातातली पट्टी गार झाली. लग्नात माझ्या वाटची पैठणी कोण नेसलं ते मात्र कुणीच सांगितलं नाही. मला माहीत आहे.

इथल्या गोदीत 'ट्रिंकोमाली' नावाचं जुनं लढाऊ जहाज आहे. मुंबईत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेलं, पाण्यात उतरलं 12 ऑक्टोबर 1817 ला, म्हणजे आपल्या कोरेगावच्या लढाईआधी तीन महिनेही नाहीत. 1990 ते 2001 इतकी वर्षं दुरुस्ती चालली, आणि आजही तरंगतंय. परवा त्या लाकडाला हात लावला आणि वाड्याची दिंडी आठवली. ह्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी शिंकले.

आई, माजघराच्या कोपऱ्यात गळतंय असं तुम्ही बोलण्याच्या ओघात म्हणालात. पावसाळ्याआधी तिथली कौलं बदलून घ्या आणि तुळईत खिळा टोचून बघा. वरचा रंग बघून फसू नका. खिळा किती आत गेला ते आबांच्या हातानं लिहून कळवा.

तुमची सून