दोन्ही गोल भरणाऱ्या मतदारास खुले पत्र

न्यूपोर्ट न्यूज, व्हर्जिनिया येथील अनामिक मतदारास,



ताई म्हणू की दादा? मतदान गुप्त, त्यामुळे तुमचं नाव आजवर कुणाला कळलेलं नाही. तुमची मतपत्रिका मात्र जगभर पाहिली गेली.

7 नोव्हेंबर 2017. व्हर्जिनियाच्या विधानसभेचा 94वा मतदारसंघ. तुम्ही रिपब्लिकन डेव्हिड यान्सींसमोरचा गोल भरलात आणि डेमोक्रॅट शेली सायमंड्स यांच्यासमोरचाही. कुणाला वाईट वाटायला नको! सायमंड्सबाईंच्या गोलावर वरून एक तिरकी रेघ. गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन एड गिलेस्पींचा गोल भरलात आणि त्यावर फुली मारलीत. एवढी कलाकुसर करून निवांत घरी गेला असाल.

तुमचा मतदारसंघ तसा शांत हो. जहाजबांधणीवर जगणारं शहर, आजूबाजूला उपनगरी वस्ती. यान्सी 2011 पासून निवडून येत होते. 2015 मध्ये याच बाईंना त्यांनी आरामात हरवलं होतं. पण ट्रम्प निवडून आल्याला वर्ष झालं आणि राज्यभरच्या उपनगरांनी पाठ फिरवली. शंभर जागांच्या सभागृहात 66 वर असलेले रिपब्लिकन घसरत घसरत थेट तुमच्या दाराशी येऊन थांबले. यान्सी जिंकले तर 51 विरुद्ध 49, हरले तर पन्नास-पन्नास. अख्ख्या राज्याचा हिशेब तुमच्या पेनाच्या टोकावर, आणि पेन तर गोंधळलेलं!

पहिल्या मोजणीत यान्सी 10 मतांनी पुढे होते. 19 डिसेंबरच्या फेरमोजणीत सायमंड्स 11,608 विरुद्ध 11,607 अशा एका मताने जिंकल्या. तुमची चित्रकला तेव्हा बाजूला पडली होती. दुसऱ्या दिवशी ती तीन न्यायाधीशांपुढे आली. आमच्याकडे शिक्क्याच्या जमान्यात दोन चिन्हांवर शिक्का पडला की मत बाद, विषय संपला. तिथे तीन विद्वानांनी तुमच्या रेघेतून तुमचं मन वाचलं: बाकी पदांसाठी तुम्ही रिपब्लिकनच निवडलेत, म्हणजे हेही मत यान्सींचं. गिलेस्पींवरच्या फुलीचं काय, असं आमच्यासारख्या अडाण्यांनी विचारू नये. 11,608 – 11,608.

मग 4 जानेवारी 2018 ला रिचमंडमध्ये सोहळा झाला. कलासंग्रहालयातून आणलेलं चिनी मातीचं भांडं, कॅमेऱ्याच्या फिल्मच्या दोन डब्या, आत नावांच्या चिठ्ठ्या. चिठ्ठी यान्सींची निघाली आणि बहुमत ठरलं. मुंबईकरांना यात नवल नाही. 2017 च्याच फेब्रुवारीत महापालिकेच्या 220 क्रमांकाच्या प्रभागात शिवसेना आणि भाजपचे उमेदवार बरोबरीत आले आणि चिठ्ठीने भाजपला कौल दिला. पण तिथे एका नगरसेवकाचा प्रश्न होता. तुम्ही एका राज्याचं विधिमंडळ भांड्यात घातलंत.

एक कबूल करतो, वाटलं होतं तितकं नुकसान काही झालं नाही. त्याच वर्षी काही रिपब्लिकनांच्या साथीने मेडिकेड या सरकारी योजनेचा विस्तार मंजूर झाला आणि सुमारे चार लाख गरिबांना आरोग्य विम्याचा मार्ग मोकळा झाला. 2019 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने नव्याने आखलेल्या सीमांवर निवडणूक झाली. सायमंड्सबाई मोठ्या फरकाने जिंकल्या आणि सभागृहही डेमोक्रॅटांकडे गेलं. त्या वेळी भांडं बाहेर काढावं लागलं नाही. तुम्ही तेव्हा मतदान केलंत का, हे विचारायचा हक्क मला नाही. केलं असेल तर बहुधा एकच गोल भरला असेल, ही माझी भाबडी आशा.

आणि हो, तुमच्या व्हर्जिनियात मतपत्रिका चुकली तर ती केंद्रावर परत देऊन कोरी मागता येते. पैसे पडत नाहीत, कुणी ओरडतही नाही. पुढच्या वेळी मागा.

कळावे,
एकाच गोलावर समाधान मानणारा एक मतदार