पाव दराची वेळ

फायबरवाले येणार म्हणून मी भिंत रंगवायला काढली.

सगळं घर नव्हे, हॉलमधली एकच भिंत. तांब्याच्या तारेवरचा जुना लँडलाइन काढून त्या जागी फायबर घ्यायचं, नंबर मात्र तोच ठेवायचा, असं ठरलं तेव्हा फोनवरची मुलगी एवढंच म्हणाली होती, "सर, जागा रेडी ठेवा." हे वाक्य ती दिवसातून शंभर जणांना म्हणत असणार. मी ते राष्ट्रपतींचा दौरा असल्यासारखं मनावर घेतलं.

वही काढली. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला वही आणि समास आखायची पट्टी दिली की तो कशाचीही यादी करतो. माझी २३ कलमांची झाली. केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंडही २३ च, हा योगायोग मी हिला दोनदा सांगितला. दोन्ही वेळा ती मटार सोलत होती. कलम एक, डक्टमधून केबल आणायला सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी. कलम सहा, नंबर बदलत नाही पण मधे काही दिवस बंद राहील, हे बँक, गॅस एजन्सी, एलआयसीवाले आणि बेंगळुरूची मुलगी यांना कळवणं. कलम अकरा, पंख्याची जळमटं. कलम चौदा, पुस्तकांचं कपाट. दिवाळी अंक मागे, ज्ञानकोश पुढे. फायबर जोडायला येणारा मुलगा ज्ञानकोशाकडे बघून दबेल, अशी माझी खात्री होती. कलम सतरा, वडिलांच्या वेळचा काळा, गोल डायलचा फोन माळ्यावरून काढून, पुसून, त्याखाली विणलेला रुमाल घालून टेबलावर ठेवणं.

फोन पुसताना डायलच्या भोकात अडकलेलं कुलूप दिसलं आणि उरलेली कलमं त्या दिवशी राहिली.

कुलपाबद्दल बोललंच पाहिजे. पेरूएवढ्या पोरांना ते आता पटत नाही, पण आमच्या लहानपणी फोनला कुलूप असे. बोटाच्या पेराएवढं, पितळी, डायलच्या भोकात बसणारं. फोन यायचा, जाऊ शकायचा नाही. किल्ली वडिलांच्या जानव्याला. आंघोळीलाही ती त्यांच्याबरोबर जाई. त्यांना एकच गोष्ट माहीत नव्हती. फोनचा रिसीव्हर जिथे टेकतो तिथल्या बटणावर योग्य लयीत टिचक्या मारल्या की डायल न फिरवताही नंबर लागतो. तीनसाठी तीन टिचक्या, सातसाठी सात, शून्यासाठी दहा, आणि दोन आकड्यांच्या मधे जरासा श्वास. डायल फिरला काय नि बटण दाबलं काय, एक्स्चेंजला तार तेवढ्यांदा तुटल्याचंच कळे. आमच्या वाड्यात ही विद्या तिघांना येत होती आणि त्यात माझा हात सर्वांत साफ होता. तबला शिकायला घातलं होतं तिथे मात्र सरांनी दोन महिन्यांत घरी पाठवलं. नऊ आणि शून्य हे जीवघेणे आकडे. एक टिचकी चुकली की भलत्याच घरी. त्यामुळे ज्यांच्या नंबरात एक-दोन जास्त, त्यांच्याशी माझी मैत्री टिकली. नऊ-शून्यवाला एक फार गुणी मित्र केवळ या कारणानं सुटला. दोन महिन्यांनी बिल आलं की वडील आधी कॉलचा आकडा बघत, मग किल्लीकडे. किल्लीनं विश्वासघात केला, असं त्यांचं शेवटपर्यंत मत होतं.

रविवारी मात्र ते स्वतः कुलूप काढत. रात्री उशिरा, एसटीडीचा पाव दर सुरू झाल्यावर. वाईला मावशीचा नंबर स्वतः फिरवत, पलीकडे घंटा वाजली की रिसीव्हर आईच्या हातात देत आणि शेजारी घड्याळ घेऊन उभे राहत. आई आणि मावशी आमटीच्या फोडणीपासून भावजयीच्या स्वभावापर्यंत सगळं बोलून घेत. आटप, असं वडील एकदाही म्हणाल्याचं आठवत नाही. ते नुसते घड्याळाला किल्ली देत राहत. एवढी किल्ली कुठल्या घड्याळाला लागते, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

असो. फायबर.

एक्स्चेंजमध्ये आमचा नंबर सोमवारीच नव्या लाइनवर गेला आणि घरातली तार मुकी झाली. फायबरचा मुलगा उगवला शुक्रवारी. पाठीवर सॅक, हातात पिवळ्या केबलचं वेटोळं. ज्ञानकोशाकडे त्यानं पाहिलंही नाही. रंगवलेल्या भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, प्लग पॉइंट कुठंय?"

२३ कलमांत प्लग पॉइंट नव्हता.

"फोनला कशाला प्लग?" मी विचारलं.

"लाइट गेली की डबा बंद. डबा बंद तर फोन पण बंद."

इथे मी खरोखर चिडलो, आणि अजूनही थोडा चिडलेला आहे. तांब्याची तार आपली वीज आपल्याबरोबर आणायची. एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्ट घरात येत. भारनियमनाच्या काळात अख्खी गल्ली अंधारात असायची, पण फोन जिवंत. मेणबत्तीच्या उजेडात आईनं बोललेले किती फोन मला आठवतात. काचेतून उजेड येतो, वीज येत नाही. म्हणजे अंधारात ज्याची सर्वांत जास्त गरज, तोच आता अंधाराला भिणार, आणि याला म्हणायचं अपग्रेड! एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे कोणी आधी सांगतं का? मुलगा म्हणाला, "काका, इन्व्हर्टर आहे ना?"

आहे. त्याचा मोकळा पॉइंट घरात एकच, देवघरातल्या विजेच्या समईजवळ. तेव्हा रंगवलेली भिंत तशीच राहिली आणि केबल देवघराकडे निघाली. "जास्त वळवू नका, उजेड बाहेर पडतो," मुलगा म्हणाला. मी ठरवलेल्या मार्गात सात काटकोन होते.

चपलांच्या कपाटावर त्यानं स्प्लायसिंगचं मशीन मांडलं. केबल सोलत सोलत शेवटी केसासारखी काच उरली. ती त्यानं छाटली, आणि तुटलेला तुकडा, जो मला चष्मा लावूनही दिसत नव्हता, चिकटपट्टीवर टिपून घेतला. "पायात गेला तर सापडत नाही." मशीनच्या छोट्या पडद्यावर काचेची दोन टोकं समोरासमोर आली, मधे ठिणगी पडली आणि ती एक झाली. इतकं सुबक काम मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. साहजिकच मला भाषण करावंसं वाटलं. मोग्याला जन्मलेले नरिंदरसिंग कपानी, १९५४ साली लंडनमध्ये त्यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र कसं पाठवून दाखवलं, पुढे २००९ चं नोबेल चार्ल्स काओंना मिळालं आणि कपानी कसे राहिले, हे मी रंगात येऊन सांगत होतो.

"काका, समई जरा सरकवता का?"

मग त्यानं मीटर लावलं. "मायनस बावीस येतेय."

"मायनस?" माझ्यातला बँकवाला दचकला.

"चांगलीय. सत्तावीसच्या पुढं गेली की लॉस. तिथं लाल दिवा लागतो."

डबा बाळकृष्णाच्या डाव्या हाताला बसला. हिरवे दिवे लुकलुकायला लागले. ही आली, तिनं पाहिलं आणि म्हणाली, "आता सोवळ्यात रीस्टार्ट करायचा."

मी आग्रहानं काळा फोन जोडायला लावला. तो खणखणीत वाजला, बोलणंही ऐकू आलं. पण नंबर फिरवला तर टोन तसाच चालू. "डब्याला हे फिरवणं कळत नाही, बटणाचा फोन लागेल," मुलगा म्हणाला. तो गेल्यावर, ही स्वयंपाकघरात आहे असं बघून, मी टिचक्या मारून पाहिल्या. हात अजून साफ होता. पलीकडे दाद द्यायला कोणी नव्हतं.

रात्री अकराच्या पुढे फोन वाजला. या नंबरावर एवढ्या उशिरा फोन करणारं जगात एकच माणूस आहे. मावशी ८६ वर्षांची. पाव दर जाऊन जमाना झाला, ती अजून त्याच्यासाठी जागते. मोबाइलचा नंबर तिला पाठ होत नाही, हा होतो. सात आकड्यांच्या आधी दोनचा आकडा लागून तो आठ आकड्यांचा झाला, तेव्हाही तिनं कुरकुर न करता पाठ केला होता.

"आहेस का रे?"

"आहे, मावशी."

"सोमवारपासून एक बाई सांगतेय, हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणून. रोज तेच. मी म्हटलं, तुला काय ठाऊक गं? मी त्याला बारशापासून ओळखते."

वही समोरच पडली होती. कलम सहा. बँक, गॅस एजन्सी, एलआयसी, बेंगळुरू. चारही नावांपुढे बरोबरची खूण होती.

"मावशी, लाइन बदलत होते. सांगायचं राहिलं."

"असू दे. आवाज फार जवळून येतोय तुझा. जेवलास?"

"मावशी, आता दिवसा पण करत जा फोन. दर एकच असतो."

"असं सगळेच म्हणतात," ती म्हणाली. "बरं, ठेव आता. बिल वाढेल तुझं."

"फोन तू केलायस. बिल तुझं वाढेल."

ती क्षणभर गप्प झाली.

"मग बोल की."