भावी पगमालकांस अनावृत पत्र

प्रति,
मा. भावी पगमालक यांस,

विषय : चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या श्वासाबाबत.

पग, बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग यांचे घोरणे घरोघरी कौतुकाचा विषय झाल्याचे निदर्शनास आले आहे. पशुवैद्यकात या कौतुकाची नोंद ‘ब्रॅकिसेफॅलिक ऑब्स्ट्रक्टिव्ह एअरवे सिंड्रोम’ म्हणजेच ‘बोआस’ या विकारात होते. व्हिडिओ काढून झाला असल्यास पुढील तपशील पाहावा.

आखूड थोबाडाचीच पिल्ले पिढ्यान् पिढ्या निवडून कवटी पुढून लहान करण्यात आली. आतल्या मऊ भागांना मात्र त्याची सूचना गेली नाही. तीन खोल्यांचे सामान एका खोलीत कोंबावे, तशी ती गत. नाकपुड्यांच्या नुसत्या चिरा उरतात. टाळूचा लांबलेला मऊ भाग स्वरयंत्रावर लोंबतो. श्वास सतत जोराने ओढावा लागल्याने स्वरयंत्रातील छोट्या पिशव्या उलटून बाहेर येतात आणि उरलीसुरली वाटही अडवतात. बुलडॉगची श्वासनलिकाही पुष्कळदा जन्मतःच अरुंद असते. काही कुत्री बसल्या बसल्या झोपतात, काही तोंडात खेळणे धरून. तोंड मिटले की हवा अडते. अशा फोटोंना सर्वाधिक पसंती मिळते.

कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांपुरताच. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती नाकातोंडाच्या ओलसर अस्तरावरून हवा खेळवून, म्हणजे धापा टाकून. चपट्या तोंडाच्या कुत्र्याला या धापांचेच श्रम होतात, अंग अधिक तापते, घसा सुजतो आणि हवेची वाट आणखी आवळते. उष्माघात होतो तो असा. विदर्भातल्या मे महिन्यात त्यासाठी दुपारचा एक फेरफटकाही पुरे.

भारतात पगची मागणी वाढली ती 2003 च्या हच मोबाइलच्या जाहिरातीमुळे. तीत पग मुलाच्या मागे मागे सगळीकडे जातो. जाहिरात छोटी होती, हे ध्यानात घ्यावे.

जानेवारी 2022 मध्ये ऑस्लोच्या न्यायालयाने इंग्लिश बुलडॉगच्या पैदाशीवर बंदी घातली. अपिलात ती त्याच वर्षी उठली. त्याच 2022 मध्ये अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदणीत फ्रेंच बुलडॉगने लॅब्रॅडॉरचे सलग 31 वर्षांचे पहिले स्थान हिसकावले. ग्राहकांचा निकाल अपिलाविना अंतिम ठरला.

शस्त्रक्रियेने नाकपुड्या रुंद करता येतात, टाळू कापून आखूड करता येतो. ती वेळेत झाल्यास बराच आराम पडतो. गेलेले नाक मात्र परत येत नाही. वजन आटोक्यात ठेवणे आणि गळपट्ट्याऐवजी हार्नेस वापरणे, हे मालकाच्या हातचे.

एवढ्यावरही पगच हवा असल्यास पिल्लाआधी त्याचे आईबाप पाहावेत. केंब्रिज विद्यापीठात विकसित झालेल्या तपासणीत कुत्र्याला तीन मिनिटे दुडक्या चालीने पळवून, आधी आणि नंतर स्टेथोस्कोपने श्वास ऐकतात आणि 0 ते 3 अशी श्रेणी देतात. पशुवैद्यासमोर, सकाळच्या गारव्यात एवढे करण्यास विक्रेता तयार नसल्यास विसार देऊ नये.

कळावे.