पाणी खाली गेलंय

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी मी उठलो आणि मला काहीच वाटेना. म्हणजे वाईटसुद्धा धड वाटेना. निकाल लागून हजेऱ्या-पुस्तकं जमा झालेली, शाळेला सुट्टी, पेन्शनला अजून चार वर्षं, मुलगी सासरी सुखात, माळ्यावर गावरान आंब्यांची आढी घातलेली, कूलर चालू आणि त्यात पाणी भरायची पाळी माझी नव्हे. एवढं सगळं जुळून आल्यावर माणसानं निदान शीळ तरी घालावी. शिवाय मी पडलो परभणी जिल्ह्यातला, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ऐकत वाढलेला, म्हणजे सुखाच्या बाबतीत माझ्या अपेक्षा मुळातच बेताच्या. तरीही चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून कपाच्या तळाशी गेलं, ते मी बराच वेळ बघत बसलो आणि डोळ्यांत पाणी आलं.

“पित्त असेल,” बायको म्हणाली.

आमच्या घरात सगळ्या दुखण्यांचा उगम पित्तात आणि शेवट जिऱ्याच्या पाण्यात होतो. तीन दिवस ते प्यालो. मन जिथल्या तिथं राहिलं, पोट मात्र हलकं झालं. मग शेजारच्या काकू मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन आल्या. दृष्ट काढताना मिरच्यांचा ठसका आला नाही तर नजर लागलेली, आणि आला तर नाही, असं त्यांचं शास्त्र आहे. मिरच्या निखाऱ्यावर पडल्या मात्र, मी खोकलो, बायको खोकली, काकू खोकल्या, समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक खोकत खोकत उधारी न मांडताच निघून गेलं. निकाल स्वच्छ होता: मला नजर लागलेली नव्हती. चोपन्न वर्षांत माझ्याकडे बघून एकही माणूस जळलेला नाही, हे असं जाहीरपणे सिद्ध झाल्यावर मन आणखी दोन बोटं खाली गेलं.

पुण्याच्या मेव्हण्याला कळलं. त्यानं फोनवर सांगितलं की, भावजी, कृतज्ञतेची वही घाला, रोज झोपताना तीन चांगल्या गोष्टी लिहा. मी शाळेच्या शंभर पानी वहीत समास आखून पहिल्याच रात्री लिहिलं: १. आंबे. २. कूलर. ३. पत्नी. दुसऱ्या दिवशी वीज गेली आणि कूलर बंद पडला, आंब्यांना डाग लागलेले निघाले, आणि वाऱ्यासाठी हातात काहीतरी हवं म्हणून बायकोनं नेमकी तीच वही उचलली. तिसऱ्या क्रमांकाबद्दल आमची जी चर्चा झाली, तिच्यानंतर यादीत काहीच उरलं नाही.

मग मी मोठ्या माणसांचा आधार घेतला. “गीतेचा पहिला अध्याय कोणता?” मी बायकोला विचारलं. “अर्जुनविषादयोग. नुसत्या उदासपणाला योग म्हटलंय! आणि तो रडत होता तेव्हा कृष्णानं अख्ख्या अध्यायात तोंडातून किती शब्द काढले? अर्धा श्लोक. बाकी सगळं ऐकून घेतलं.” माझा रोख जिऱ्याच्या पाण्याकडे होता. ती म्हणाली, “अर्जुनाला कारण होतं. त्याच्यासमोर आजोबा नि गुरू उभे होते. तुमच्यासमोर कोण आहे?”

माझ्यासमोर कूलर होता. तोही बंद.

मी समर्थांकडे वळलो. जांब गाव काही आमच्यापासून फार लांब नाही, पलीकडच्या जालना जिल्ह्यातलंच. रामदासांनी मनाची समजूत घालायला दोनशे पाच श्लोक लिहिले, ते पाठ करायचे म्हणून मी लहानपणी छड्या खाल्ल्यात; पण एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती. मन एका श्लोकात ऐकणारं असतं, तर उरलेले दोनशे चार कशाला लागले असते? समर्थांची ही गत, तर मी जिल्हा परिषदेचा गणिताचा मास्तर.

शेवटी डॉक्टर झालेल्या भाच्याला फोन लावला. आवाज शक्य तितका खोल नेला.

“मामा, झोप लागते?”

“लागते. दुपारीही.”

“जेवण?”

“दोन भाकरी. आमरस असला तर मोजत नाही.”

“जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं?”

“छे रे, आढीतले निम्मे आंबे अजून पिकायचेत.”

तेव्हा तो जरा गंभीर झाला. दोन आठवडे रोज, दिवसभर असंच राहिलं, झोप-भूक उडाली, कशातच रस राहिला नाही, तर तो आजार. मग हयगय न करता डॉक्टर गाठायचा, आणि जगणं नको वाटलं तर एक दिवसही थांबायचं नाही. सरकारनं २०२२ साली टेलिमानस सुरू केलंय, १४४१६ हा फुकटचा नंबर कुठल्याही वेळी लागतो, तो वहीत लिहून ठेवा म्हणाला. कृतज्ञतेच्या वहीत पहिली उपयोगाची ओळ पडली ती ही. “पण मामा, तुम्हाला काही झालेलं नाही. तुमचा नुसता मूड गेलाय. तो सगळ्यांचा जातो.”

एवढा अपमान मला सहन झाला नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे ध्यान करायला निघालो. आमच्या चारठाणा गावात देवळांना तोटा नाही. यादवकाळापासूनची पडकी-उभी देवळं गावभर आहेत. एका महादेवाचं तर नावच उकंडेश्वर, आणि हे नाव कानावर पडलं की आमच्याकडच्या माणसाला उकंडाच आठवतो, म्हणजे तुमचा उकिरडा. देवाला त्याचं काही वाटत नाही. मी गोकुळेश्वराच्या बारवेत उतरलो, पाणी तळाशी गेलेलं होतं म्हणून त्याच्या ओढीनं बराच खाली गेलो, पायरीवर मांडी घातली, डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि कमरेत उसण भरली.

मांडी सुटेना. हाक मारावी तर श्वास पुरेना. अर्ध्या तासानं काठावर एक शेरडू आलं, मग त्याच्या मागून एक पोरगा आला. सातवीत मी त्याला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं.

“काय करायलाव सर?”

“ध्यान.”

“उठता येईना का?”

“नाही.”

तो माणसं आणायला गेला, आणि वाटेत भेटेल त्याला बातमी सांगत गेला असावा, कारण त्याला यायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मान एकाच बाजूला वळत असल्यामुळे मी समोरच्या पायऱ्या बघत बसलो. आणि गणित सुटलं. पाणी बारा महिने काठोकाठ राहणार असतं, तर त्या जुन्या गवंड्यांनी एकच पायरी बांधली असती आणि उरलेल्या दगडात स्वतःचं घर. पाणी खाली जाणार हे धरूनच त्यांनी तळापर्यंत पायऱ्या नेल्या. वैशाखात पाणी तळाला गेलं म्हणून बारव कुणी नापास करत नाही. मृग येईपर्यंत लोक चार पायऱ्या जास्त उतरतात, इतकंच. मी मात्र मनातलं पाणी एक पायरी उतरलं की बारव फुटली म्हणून गावभर बोंबलत होतो.

चौघांनी मला उचलून वर आणलं. चौघांच्या खांद्यावरून मी जिवंतपणी पहिल्यांदाच चाललो होतो, आणि खरं सांगतो, मनाला बरं वाटत होतं. बायकोला बारवेचं तत्त्वज्ञान ऐकवलं. कमरेला तेल चोळता चोळता ती म्हणाली, “मग सिलिंडर संपल्यावर एवढे का ओरडता?”

उदासी गेली कधी, ते कळलं नाही. कंबर इतकी दुखत होती की तिच्याकडे लक्षच गेलं नाही.

दिवाळीनंतर उदासी पुन्हा आली. या वेळी जिरं नाही, वही नाही, ध्यान तर नाहीच. अंगणात खुर्ची टाकून गप्प बसलो. बायकोनं आतून विचारलं, “काय झालं?” मी समजूतदारपणे म्हणालो, “काही नाही. पाणी जरा खाली गेलंय.”

तिनं मोटार चालू केली. टाकी भरलेली आहे हे मला ठाऊक होतं. पण उठून सांगण्याइतकी उमेद नव्हती, आणि ती तशी नसणं आता मी मान्य केलेलं होतं. दहा मिनिटांनी गच्चीवरून पाण्याची धार सुटली, ती थेट शेजारच्या काकूंनी धुऊन वाळत घातलेल्या सात गोधड्यांवर. काकू बाहेर आल्या. एकदा गोधड्यांकडे आणि एकदा माझ्याकडे त्यांनी पाहिलं.

नजर लागली ती तेव्हा.